कूलरखालचं गाव

मार्च संपत आला की मी गावभर फिरतो
कूलरच्या जाळ्यांत नवी खस भरत.
बँकेत दोन, ठाण्यात तीन,
नगरपरिषदेच्या वाचनालयात एक,
तोही तीन पायांचा.

चौथ्या पायाखाली काय आहे
ते कोणी वाकून पाहिलं नव्हतं.
मी पाहिलं, कारण पंप काढायला आडवं व्हावंच लागतं.
पुस्तक.
कितीतरी उन्हाळ्यांचं पाणी पिऊन फुगलेलं,
कूलरच्या पायाचा चौकोनी खड्डा
बरोबर मधोमध.

तायवाडे मॅडम म्हणाल्या, "असंल काही जुनं. न्या.
पण त्याच्या जागी काही लावून जा बाप्पा,
नाहीतर डुगडुगंल."

फरशीचा तुकडा लावला. पुस्तक टिनावर सुकवलं.
पानं चाकूनं सोडवली,
गरम भाकरीचा पापुद्रा सोडवावा तशी, जपून.
'बेलोरी कसब्याची हकीकत.
लिहिणार त्र्यंबक डांगरे, नाकेदार.'
म्हणजे वेशीवर बसून
आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची जकात घेणारा माणूस.

त्यानं मोजलंच सगळं. दुसरं काय येत होतं त्याला?
एकतीस विहिरी, चवीसकट.
काझींची मचूळ, पण डाळ लवकर शिजते.
रॉकेलचे अठरा कंदील,
आणि अठरावा रोज कोण विझवतं त्याचा संशय.
जिनातला सरकीचा वास
कोणत्या वाऱ्यानं कुठवर जातो.
शुक्रवारच्या बाजारातल्या बायांची नावं नाहीत,
त्यांच्या टोपल्यांतलं मात्र सगळं:
अंबाडी, जवस, चारोळी, मोहफुलं.
आणि एका पानावर, आकड्यांच्या मध्येच,
'आज सायंकाळी गाव फार सुंदर दिसले.
कारण कळले नाही.'

हे मी तीनदा वाचलं.
मलाही दिसतं तसं, कधी कधी,
बॉल-कॉक बदलायला पाण्याच्या टाकीवर चढलो की.
मलाही कळलेलं नाही.

मग मी माझं घर शोधायला लागलो.

घडीचा नकाशा होता शेवटी.
नाल्यापर्यंत शाई.
नाल्यापुढे नुसता कागद, पिवळा,
आमच्याकडच्या मे महिन्यासारखा.

राग आला. का नाही येणार?
पण माणूस लबाड नसावा.
जिकडून कापसाची गाडी येत नव्हती
तिकडे त्याला रस्ताच दिसला नाही,
एवढंच. एवढंच म्हणजे थोडं नाही.

त्याच नकाशाच्या पिवळ्यात शिसपेन्सिल होती.
अक्षरं मोठी, उशिरा शाळेत गेलेल्या हाताची,
कागद फाटेस्तोवर दाबलेली:
"नाल्यापल्याड बेचाळीस घरं हायेत.
एक विहीर. पानी गोड.
लिहून घ्या."
सही नाही. कार्ड नंबर एकशे सतरा.

मॅडमनी कपाट उघडून दाखवलं.
रजिस्टर होतं, पुठ्ठा होता,
आत वाळवीनं केलेली माती.

विहीर मला माहीत आहे.
तिच्यावर स्लॅब पडलाय, स्लॅबवर रात्री पोरं
मोबाइलवर लुडो खेळतात.
मी म्हटलं, सरका रे थोडं.
पाइपाच्या भोकातून खडा सोडला.
वैभव म्हणाला, काका, काऊन?
मी बोट ओठावर ठेवलं.
कितीतरी वेळ काहीच नाही.
आम्ही पाच जण, पाच कान त्या भोकावर.
मग
डुबुक.

पेन्सिल कानामागं असतेच माझ्या,
मापं घ्यायला.
तिच्या अक्षराखाली लिहिलं,
ती की तो, कोण जाणे, मला ती वाटली:
आता तीनशे दहा घरं. विहीर झाकली.
पाणी आहे.

एप्रिलमध्ये तायवाडे मॅडमचा फोन.
फरशी बोटभर कमी पडते,
कूलर दिवसभर खडखड करतो,
वाचणाऱ्यांना त्रास होतो.
किती जण वाचतात, मी विचारलं.
दोन, म्हणाल्या.
येतो म्हटलं, फरशी घेऊन.
अजून गेलो नाही.